मनगट

कोर्टाबाहेरच्या बाकावर माझ्या शेजारी दोघी बहिणी बसल्या होत्या.

“ताई, खरंच तू भावोजींचा हात धरलास?”

“मारायला उगारला होता. मनगट धरलं नि पिळलं.”

“झुरळाला घाबरणारी तू?”

“अगं, दवाखान्याच्या ओल्या चादरी पिळते मी. मशीन बंद पडलंय, तेव्हापासून सगळं हातानंच. एकदा पकडलं की सोडायचं नाही, नाहीतर पाणी आपल्याच अंगावर.”

“मग?”

“आधी शिव्या दिल्या, मग गयावया केली. मी दुसऱ्या हातानं पोलिसांना फोन लावला.”

“आणि सासूबाई?”

“समोरच उभ्या होत्या. वाटलं, आता माझ्या झिंज्या धरतात. त्या गेल्या आणि दाराची कडी काढून आल्या. म्हणाल्या, ‘पोलिसांचा खोळंबा नको.’”

“अगं बाई!”

“आत्ता आत त्यांचीच साक्ष चाललीय.”

“पोटच्या पोराविरुद्ध?”

तेवढ्यात दार उघडलं. चष्मा पुसत एक म्हातारी बाहेर आली. दोघी ताडकन उभ्या राहिल्या. का कोण जाणे, मीही उठले.

“दिला गं आदेश. आता तो आपल्या दारात पाऊल टाकायचा नाही.”

“आई, बसा जरा. पाणी देऊ?”

“पाणी नको. घरी गेल्यावर मला दाखव, मनगट कसं धरायचं ते.”

“आता कशाला, आई? बाबांना जाऊन तर किती वर्षं झाली.”

“झाली असतील. माझ्या हातांना एकदा कळू दे.”