घासलेलं सोनं

—अहो, भिंग खाली का ठेवलंत? खिडकीपाशी धरून बघा ना नीट. खोटं एकही नाही हो यात, खोटं नाणं यांनी कधी उंबऱ्याच्या आत घेतलं नाही. सगळी फ्रान्सची, दोनशे वर्षांपूर्वीची — हा बोडक्या डोक्याचा, हा पानांचा मुकुट घातलेला, दोन्ही एकच सम्राट बरं का — मला सगळं पाठ आहे, लग्न झाल्यापासून दुसरं ऐकलंय काय? आणि हे, सालाच्या जागी नुसतं बारावं वर्ष लिहिलेलं — क्रांतीनंतर सालं नव्यानं मोजायला घेतली होती म्हणे त्यांनी — हे मिळालं त्या दिवशी जेवलेसुद्धा नाहीत, नुसते बघत बसले. लेक झाली तेव्हा इतके हरखले नव्हते.

काय म्हणालात? घासलंय? हो, मीच घासलं. भांड्यांची पावडर आणि दातांचा जुना ब्रश. मळकट दिसत होती, म्हटलं चार माणसं बघणार तर जरा उजळावीत — मला काय कळतंय त्यातलं? — हो, सगळीच घासली. असे काय बघताय?

एरवी हात लावायची सोय नव्हती मला. हे स्वतः पांढरे सुती हातमोजे घालणार, नाणं कडेनं धरणार, आणि वर मला दम — "खबरदार पुसशील तर! जुनेपणाचीच किंमत आहे. एकदा घासलं की उरतं ते नुसतं वजनाचं सोनं" — बघा, बोलून गेले ना मीच. असू दे. माहीत होतं मला.

लेक अंथरुणाला खिळली तेव्हा पाया पडले हो यांच्या. म्हटलं एक विका, एकच, मोठ्या दवाखान्यात नेऊ. तर म्हणाले संच मोडतो. संच! म्हणाले थोडं थांबू, भाव चढेल. हे थांबले. ती नाही थांबली.

तिच्याच खोलीत पडून असतात हे आता, तिच्याच पलंगावर. झटका आला तेव्हापासून बोलणं गेलं, हातपाय गेले. डोळे शाबूत आहेत, कान शाबूत आहेत. मी काही कमी करत नाही हं — अंग पुसते, भरवते, कूस बदलते, कुणी नावं ठेवून दाखवावीत. आणि मग खुर्ची ओढून समोर बसते, मांडीवर वाटी घेते आणि नाणं घासते. रोज एकच. घाई कसली? डोळ्यांतून पाणी येतं त्यांच्या, तेही पुसते.

विकायची? छे, विकायची कुणाला आहेत! तुम्हाला बोलावलं ते — मघाशी हळूच काय म्हणालात? आता वजनाचाच भाव, ना? तेच जरा मोठ्यानं म्हणा. माझं खरं वाटत नाही त्यांना, तुमचं वाटेल, तुम्ही त्यातले जाणकार. त्यांच्या खोलीचं दार उघडंच ठेवलंय मी.

म्हणा ना.

नाही म्हणत? बरं, राहिलं. पिशवी घ्या तुमची. — आणि अहो, आत बघून आत्ता मान हलवलीत ना? बघितलं त्यांनी. झालं माझं काम. या आता.