मोहाच्या झाडापाशी थांबा नव्हता

आलापल्लीच्या बसस्टँडवर दामिनी फोनवर विनाचालक गाड्यांच्या धोरणाचा मसुदा वाचत होती. सरकारने लोकांकडून सूचना मागवल्या होत्या. तिचा रकाना अजून कोराच होता. शेजारी रिटायर एसटी ड्रायव्हर दादाजी बायकोशी बोलत होते.

“रुखमे, आता बिन डायवरची गाडी येनार हाये म्हनते.”

“मंग हात दाखवला तं थांबन का?”

“थांबा असन तं थांबन.”

“आवो, आपल्या मोहाच्या झाडापाशी कुठी थांबा होता? तुमी तं रोज थांबत होते.”

“पाशिंजर किती बोंबलत होते!”

“मी तं गाडीत बसतही नवती. डबा देऊन घरी जात होती.”

“पन डबा गरम राहे.”

“तेच तं म्हनून राह्यली. डायवरच नसन, तं डबा कोनाच्या हाती द्याचा?”

दामिनीने तो प्रश्न जसाच्या तसा रकान्यात उतरवला.