हजार वर्षांची अट

नाही हो महिपतराव, एसी वाढवू नका, घाम उकाड्याचा नाहीये. आणि तुम्ही मला परत साहेब म्हणालात. चौतीस वर्षं नाशिकला जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागात क्लार्क होतो मी — साहेब आतल्या खोलीत बसायचे, मी बाहेर, पंख्याखाली उडणारे कागद धरून. काका म्हणा. साहेब म्हणजे अनय. तुमचा साहेब, माझा मुलगा, आणि त्याच्याच कंपनीच्या गाडीतून तुम्ही मला विमानतळावर सोडताय, फुटबॉलचा वर्ल्ड कप सहा आठवड्यांवर आलेला असताना! अख्खं जग इकडे दोहाला यायला निघालंय आणि मी एकटा उलट्या दिशेने. का? बीपी. हो हो, बीपीच. घरात तेच सांगायचं ठरलंय. नात विचारत होती, ‘आजोबा, व्हाय आर यू गोइंग बिफोर द मॅचेस?’ — मी म्हटलं, ओवीबाळ, मला ऑफसाइड कळत नाही, म्हणून. तिला पटलं. माझ्याबद्दल असं काहीही लोकांना लगेच पटतं.

पुन्हा लाल. मुंतझ्याचा हा सिग्नल आपल्याला काही आज सोडत नाही. घरून, बिन महमूदहून निघाल्यापासून तीन ठिकाणी ‘रस्ता बंद’च्या पाट्या — बांधतायत अजून, परवा पाहुणे येणार आणि आज भिंतीला रंग, लग्नघरासारखं. घाई नाही मला, विमान सातचं आहे. उलट हे बरंय. नाही, बरं म्हणजे — बोलायला. निघताना अनयने दारात अट घातली. म्हणाला, ‘बाबा, महिपतीशी काय बोलायचं ते बोला, पण हजार वर्षांच्या अलीकडचं काही बोलू नका.’ हसताय? आसावरीही हसली, माझी सून, पण डोळ्यांनी नाही. मी कबूल केलं. तेव्हा सिराफ सांगतो तुम्हाला. ऐकलंय नाव? नाही ना — इथल्या मराठी मंडळाच्या हॉलमधल्या दोनशे लोकांनीही ऐकलं नव्हतं, आणि आता ते विसरायला तयार नाहीत.

सिराफ म्हणजे इराणातलं जुनं बंदर. इथून सरळ समोर, या आखाताच्या पलीकडे — पावणेतीनशे किलोमीटर असेल, म्हणजे तुमच्या अंबडहून पुण्यापेक्षा थोडं जास्त, फक्त मध्ये पाणी. किती जुनं? इस्लामच्याही आधीचं, तेव्हाच्या इराणी राजांनी तिथे किल्ला बांधला होता. आणि गोष्ट त्याच्याही आधीची — म्हणे एका राजाने गरुडांना सिंहासन बांधलं आणि आकाशात उडाला, आणि गरुड दमल्यावर पडला तो नेमका सिराफला. पडल्या पडल्या त्याने दूध आणि पाणी मागितलं. तिथे पाणीसुद्धा धड नव्हतं, दूध कुठलं! मला हा राजा फार आवडतो. उडेपर्यंत ठीक, पडल्यावर सोयी मागणारा. मी इथे उतरलो तेव्हा पहिलं काय विचारलं ठाऊक आहे? इकडे चितळ्यांची बाकरवडी मिळते का.

तर हे सिराफ. मागे उघडा डोंगर, पुढे समुद्र, मध्ये भट्टी. शेत नाही, झाड नाही. फळं डोंगरापलीकडून, पाणीही तिकडूनच, आणि घरं बांधायला साग आणायचा तो परमुलखातून, जहाजांवरून. आणि घरं कशी, तर दोन-दोन चार-चार मजली, समुद्राकडे तोंड करून, एकाला एक लागून, जागेला सोन्याचं मोल. कुठेतरी पाहिल्यासारखं वाटतंय? मलाही वाटलं. त्यांची जहाजं चीनपर्यंत जायची. आणि आपल्याकडे, चौलला — अलिबागजवळचं चौल हो — तिथे सिराफचे लोक घरं करून राहायचे. म्हणजे हजार वर्षांपूर्वी तेच आपल्याकडे यायचे कामाला! चौलच्या एखाद्या म्हाताऱ्याने त्यांना ‘तुमच्याकडे उकाडा फार का हो’ असं विचारलंच असेल. एकाची तर नोंदच आहे — सिराफचा माणूस, चाळीस वर्षं जहाजावरून उतरला नाही. बंदर आलं की दुसऱ्याला पाठवायचा, काम झालं की पुढे. चाळीस वर्षं! तुमची किती झाली? अकरा? आणि घरी किती वेळा — पाच. बरं बरं, तुमचा हिशेब मी कशाला काढू. मी स्वतः एका खुर्चीवरून चौतीस वर्षं उतरलो नाही, फक्त ती तरंगत नव्हती एवढंच.

हे सगळं मी वाचून काढलं कधी? ऑफिसात. कामाच्या वेळात, हो, लाज कसली आता. सार्वजनिक वाचनालयाचं पुस्तक बदलीच्या फायलीत घालून वाचायचो. सुहासिनी — माझी बायको, जाऊन सहा वर्षं झाली — म्हणायची, तुमचं सिराफचं पुस्तक कधी लिहून होणार? मी म्हणायचो, टिपणं पूर्ण झाली की. टिपणांच्या सतरा वह्या आहेत, महिपतराव. आणि सिराफला मी गेलेलो नाही. इथून समोर असूनही नाही. एका रविवारी कॉर्निशवर, समुद्राकाठच्या रस्त्यावर उभा राहून तिकडे पाहिलं मात्र. काही दिसत नाही. आसावरी म्हणाली, बाबा, ती दिशा नाही, ते विमानतळाकडे आहे.

हलली वाटतं रांग — नाही, पुढचा नुसताच उगीच सरकला.

मग मंडळाने अनयला विचारलं, तुमचे बाबा वाचतात ना, पंधरा मिनिटं बोलतील का. मी पंचावन्न बोललो. भूकंपापर्यंत उत्तम चाललं होतं. भूकंप म्हणजे सन नऊशे सत्याहत्तरचा — अटीत बसतो, मोजून पाहिलंय. सात दिवस जमीन हलत होती म्हणे. सात दिवस! पहिल्या दिवशी ज्यांना कळलं ते होड्यांत बसून समुद्रात गेले आणि वाचले. बाकीचे म्हणत असणार, एवढी चार मजली घरं, साग आहे साग, काय होतंय. आणि इथे — इथे मला वाटलं की श्रोते पेंगतायत. वक्त्याला यापेक्षा वाईट काही नाही. म्हणून जरा आजच्या काळाचं उदाहरण दिलं. म्हटलं, सिराफवाल्यांना आधी कुणी सांगितलं नव्हतं. तुमचं तसं नाही, आमच्या घरी तर डायनिंग टेबलवर यादी तयार आहे, फायनल झाली की कोण कोण परत जाणार त्याची.

जागे झाले. दोनशेच्या दोनशे. पहिल्या रांगेत अनयच्या कंपनीतले तिघे सहकुटुंब बसले होते.

ऐकलंत ना तुम्हीही? वाटलंच. नजमा वस्तीतल्या तुमच्या खोलीत मुनाफने सांगितलं असेल, तो एसीवाला, हॉलमध्ये होता ना — बातमी दोहात आधी नजम्याला पोचते आणि मग कंपनीला. काय म्हणता? ड्रायव्हर तर लागतातच? हं. मॅचेस झाल्या तरी माणसं कुठे चालत जाणार आहेत, हेही खरं. बरोबर आहे तुमचं. मी कुठे नाही म्हणतोय. पुढे बघा तुम्ही.

यादी मी वाचायला नको होती. पण ते माझ्या हातात नाही हो — जेवायला बसलो, पलीकडे अनय, त्याच्या ताटाशेजारी कागद. उलटा. आता उलटा कागद वाचता येणं ही आम्हा क्लार्क लोकांची एकमेव कला. साहेबांच्या टेबलासमोर उभं राहून राहून येते. आमटी वाढेपर्यंत दोन पानं झाली. अनयला दोष देऊ नका. वरून आलेली नावं, त्याने फक्त टाइप केलीत. वाईट नाही तो. माझाच मुलगा आहे — यादी टाइप करतो आणि जेवायला बसतो.

हो, आहे माझ्याकडे. सुदामचा राजीनामा ना? आहे, शर्टाच्या खिशात आहे. काल दुपारीच लिहिला. तुम्ही म्हणालात ‘काका, तुमची सरकारी भाषा, भावाचा अर्ज तुम्हीच लिहा’ — मला तर इतकं बरं वाटलं की विचारू नका. निवृत्तीनंतर पहिला मसुदा. ‘विनंतीपूर्वक सादर करण्यात येते की’ वगैरे, खानदानी सुरुवात. ‘परदेशी रोजगाराची संधी प्राप्त झाल्याने’ — म्हणजे तुम्ही त्याला इकडे बोलावताय ते. देतो, देतो. पोचल्यावर देतो. त्याला फोटो काढून पाठवायचाय आणि सोमवारी कारखान्यात द्यायचाय, लक्षात आहे माझ्या. पर्मनंट आहे ना तो? फिटर, बारा वर्षं. आणि परत घेतात का हो तुमच्याकडे कारखान्यात, एकदा सोडल्यावर? नाही घेत. सहज विचारलं.

आमच्याकडे एक बाई होत्या, पुष्पावती म्हणून, शिक्षिका. मे महिना. काउंटरशी आल्या आणि म्हणाल्या, भाऊसाहेब, मुलीला इथल्या शाळेत घालतेय, खोलीही भाड्याने बघितलीय — करू ना? त्यांची बदली सुरगाण्याला मी स्वतः टाइप केली होती, आदल्या दिवशी. खालच्या खणात होती, सहीसाठी. खण माझ्या गुडघ्याला लागत होता. मी काय म्हणालो? यादी लागल्यावर कळेल. गोपनीय असतं ना ते. मला मोठा अभिमान होता त्याचा, लोक चहा पाजायचे, मी चहा प्यायचो आणि काही सांगायचो नाही. आठ दिवसांनी त्या ऑर्डर घ्यायला आल्या. सही केली, पेन मला परत दिलं, टोपण लावून. म्हणाल्या, तुम्हाला माहीत होतं ना? मी म्हटलं, नियम आहे बाई. हे अटीत बसत नाही, माहितेय. अनयला सांगू नका. ही गोष्ट मी सुहासिनीलाही सांगितली नव्हती, तुम्हाला कशी सांगितली कोण जाणे.

घ्या, सुटला सिग्नल. यल्ला, चला.

भूकंपानंतर? संपलं नाही लगेच. शहरं अशी एकदम मरत नाहीत, उगाच वाटतं. लोक परत आले, पडलेल्या घरांच्या जागी थोडी बांधली. पण व्यापारी हुशार, ते शेजारच्या बेटावर गेले, मग जहाजंही तिकडे थांबायला लागली. दोन-अडीचशे वर्षांनी एक प्रवासी तिथे गेला, तर काय — गरीब वस्ती, आणि एक मशीद, सागवानी खांबांची. तेवढी उभी. ते खांब पाहून त्याला कळलं की इथे काहीतरी होतं. हो, मोडली अट, आठशेच वर्षं झाली याला. मोडू दे. मग नुसतं कोळ्यांचं गाव. आणि आता? आता सिराफच्या शेजारी गॅस आहे. समुद्राखाली तिकडचा गॅस आणि इकडचा गॅस एकच, एकच साठा, ते तिकडून काढतात आणि हे इकडून. म्हणजे मी आयुष्यभर ज्या गावाबद्दल वाचलं त्याच्याच गॅसवर — नाही का — आसावरीने मला चार महिने आल्याचा चहा करून दिला. हे आजचं झालं. आता आजच्या पुढचं एवढंच सांगायचं उरतं — डिसेंबर.

ते विमानतळाचं ना? आलोच की. इतकं जवळ होतं? जरा त्या बाजूला घ्या. नाही, अजून दार उघडू नका. बसा.

मसुदा मी देत नाही, महिपतराव.

चुकला वगैरे नाही. उत्तम झालाय. म्हणूनच देत नाही. सुदामला म्हणावं, सोमवारी कामावर जा, रोजच्यासारखं. डबा घेऊन. का ते विचारू नका — विचारा. नाही, नकोच. मी मघापासून सिराफ सिराफ करतोय आणि तुम्ही म्हणताय ड्रायव्हर तर लागतातच. यादीत तेविसावं नाव. दुसऱ्या पानावर वरून तिसरं. मुनाफच्या खाली. अठरा डिसेंबरची फायनल, आणि एकतीसपर्यंत सगळे — खलास. आडनावात एक अक्षर चुकलंय, पण तुम्हीच आहात. अंबडही लिहिलंय.

हो. अनयला माहीत आहे. त्यानेच टाइप केलंय म्हटलं ना. सकाळी तुम्हाला ‘महिपती, काकांना नीट सोड’ म्हणाला तेव्हाही माहीत होतं. तुम्ही त्याला बोललात तर मीच सांगितलं हे उघड आहे, दुसरा कोण सांगणार. बोला. माझं काय, मी नाशिकला असेन, फोनवर तो ओरडेल आणि मी म्हणेन आवाज तुटतोय. त्याची नोकरी — तेही आलं माझ्या डोक्यात, रात्रभर आलं. मुलगा आहे. पण पेनचं टोपण सारखं आठवत होतं.

तुमचा भाऊ अजून होडीत आहे, एवढं बघा.

अहो, बॅग राहू द्या! मी घेतो ना — महिपतराव, राहू द्या म्हणतो — जड आहे, सतरा वह्यांपैकी नऊ आहेत त्यात. बरं, ठेवा तिथे. हो, घेतल्यात. बीपीच्या गोळ्या खिशात आहेत, पाण्याची बाटलीही आहे. आता हे कशाला विचारताय तुम्ही मला? या क्षणी? तो हवालदार हात करतोय, इथे गाडी जास्त वेळ उभी करू देत नाहीत. जा. जा म्हणतो ना. आणि रस्त्यात कुठेतरी थांबून आधी सुदामला फोन करा.