जगू तितकी वर्षं

बँकेत माझ्या शेजारच्या बाकावर एक म्हातारे शिंपी आणि त्यांची बायको साहेबांची वाट बघत बसली होती.

"घर बँकेकडे गहाण टाकायचं आणि वर बँकच आपल्याला महिन्याला पैसे देणार? अहो, असं कुठे असतं का?"

"असतं. आपल्यामागे बँक घर विकून पैसे वसूल करते. तोवर राहायचं आपणच."

"आपल्यामागे की तुमच्यामागे?"

"दोघांच्या मागे. मी साहेबांना दोनदा विचारलंय."

"आता माझ्यादेखत विचारा. उद्या मला तुमच्या मशीनसकट रस्त्यावर काढलं म्हणजे?"

"बरं बाई, विचारतो."

"आणि पोराला काय राहील?"

"उरेल ते. तोच म्हणाला ना, घर सांभाळत अर्धपोटी राहू नका म्हणून?"

"म्हणाला खरा. शहाणा झालाय मेला."

"आणि गंमत ऐक. आपण जगू तितकी वर्षं बँकेने पैसे द्यायचे. जास्त जगलो तर तोटा बँकेचा."

"खरंच?"

"अगदी."

"मग सकाळची गोळी घेतलीत का?"

"विसरलो."

"विसरलो म्हणे! ही घ्या आधी. आणि उद्यापासून जिना सावकाश उतरायचा."