भिकाजी गवंड्याचा घोटा

मंडळी, ऐका! पखवाज जरा थांबू दे. आधी एक प्रश्न, मग पुढचं सगळं.

माणूस देवाचं काम करत असताना देवानंच त्याचा पाय धरून ठेवला — तर ती शिक्षा म्हणायची, की कृपा?

हां! माना हलल्या. अर्ध्या विचारानं, अर्ध्या झोपेनं! खांबाजवळचे ते दादा तर दोन्हीकडे डुलताहेत, त्यांना दोन्ही उत्तरं मान्य दिसतात! असू दे. मी उत्तर देत नाही. भिकाजी गवंडी देईल.

कोण हा भिकाजी? कोकणात आंबेखोल म्हणून गाव. तिथला हा पंचावन्न वर्षांचा गडी. जांभ्या दगडाचं काम असं करायचा की बघत राहावं! चिरा उचलला की फिरवून बघणार, टिचकी मारून आवाज ऐकणार, मग म्हणणार, "हा उभा नको, आडवा बसेल." आणि बसला की बसला! बायको भामाबाई. दोघांचंच घर. लेक सासरी, सुखात.

गावाची देवी वाघजाई डोंगरावर. वर जायला वाट कसली — नुसती घसरगुंडी! एका जत्रेला एक म्हातारी घसरली, हात मोडला तिचा. भिकाजीनं तिला पाठीवर घेऊन खाली आणलं, आणि तिथंच वर बघून बोलला, "आई, पुढच्या चैत्री जत्रेआधी तुझ्या दारापर्यंत पायऱ्या बांधतो. नव्वद! माझ्या हातानं!"

आणि लागला की कामाला! पहाटे डोक्यावर चिरा, डोंगर वर. पुन्हा खाली, पुन्हा चिरा. दिवसाला किती फेऱ्या, त्याची गणतीच नाही. फाल्गुन आला तेव्हा एकाहत्तर पायऱ्या तयार! राहिल्या किती? एकोणीस.

आणि मंडळी — घोटा दुखायला लागला.

डावा. बाहेरच्या अंगानं. बरं, घसरला? नाही. मुरगळला? नाही. ठेच? काटा? विंचू? काही म्हणता काही नाही! काल चांगला होता, आज दुखतोय. भामाबाईनं आंबेहळदीचा लेप लावला, निर्गुडीचा पाला बांधला. आणि गाव? अहो, आपल्या गावात वैद्य एक नसेल, पण सल्लागार घरटी दोन! कुणी म्हणालं, वातच आहे. कुणी म्हणालं, वांगी बंद करा. एक जण म्हणाला, नजर लागली. घोट्याला नजर! आता घोट्याकडे बघतं कोण हो? तोंडाकडे बघतात लोक!

भिकाजीनं ऐकलं सगळ्यांचं, आणि केलं काय? डोक्यावर चिरा घेतला आणि निघाला! दुखतंय? दुखू दे. देवीचं काम आहे! आठ दिवस टॉवेल दातात धरून चढला, पण पायरी एकही पुढं सरकली नाही. नवव्या दिवशी सकाळी खाटेवरून पाय खाली टेकला — आणि "आई गं!" म्हणून परत मागं पडला.

झालं! लोकांनी हाड बसवणाऱ्या बाबाला आणलं. त्यानं घोटा पकडला, डोळे मिटले, म्हणाला, "शीर चढलीय. एकच हिसका देतो."

भामाबाई चुलीपुढून उठली. "हात काढा."

"वहिनी, शंभर पाय बसवलेत मी!"

"बसवले असतील. पण बसवायचं म्हटलं तर आधी काही निघालेलं असावं लागतं ना? हे पडले नाहीत, झडले नाहीत. निघालंय काय ते सांगा, आणि मग खुशाल हिसका द्या!"

बाबानं हात काढला! चहा प्याला आणि गेला. बायांनो, हसताय कशाला? त्या एका प्रश्नानं त्या बाईनं नवऱ्याचा पाय वाचवला, ते पुढं कळेल.

दुसऱ्या दिवशी रिक्षात घालून तालुक्याला नेलं. तिथं डॉक्टर सरनाईक बाई. फोटो काढला — हाड स्वच्छ! भिकाजी खूश. "बघ भामा, काही नाही!" पण डॉक्टरबाई फोटो खाली ठेवून खाली वाकल्या. घोट्याच्या वर चार बोटांवर अंगठा टेकवला. एकाच जागी. भिकाजी ओरडला — तीन खोल्यांपलीकडचं पोर रडायला लागलं!

"फोटोत दिसत नाही, म्हणून पायात काही नाही असं नाही," बाई म्हणाल्या. "ओझं किती वाहता?" भामाबाईनं सगळं सांगितलं. "मग बरोबर. तार रोज थोडी थोडी वाकवली की एक दिवस आपोआप चिरते, तसं हाड चिरलं असणार. केसाएवढं. चार आठवडे या पायावर भार द्यायचा नाही. कुबडी घ्या. बसाल तेव्हा पाय उशीवर, सूज आली तर गार फडकं. चोळायचं नाही, हिसके नाहीत."

"बाई, जत्रा तीन आठवड्यांवर आलीय!"

"चालत राहिलात तर तडा आरपार जाईल. मग पुढच्या कुठल्याच जत्रेला चढता येणार नाही."

घरी आला. ओटीवर खाट, खाटेवर भिकाजी, उशीवर पाय! आणि समोर — डोंगर. एकाहत्तर पायऱ्या उन्हात तांबड्या दिसताहेत, आणि त्यांच्या पुढं, वर, नुसती माती. हा माणूस हात वर करून देवीशी भांडायला लागला! "मी काय माझं घर बांधत होतो? तुझंच ना? मग माझाच पाय मोडलास? लबाडी करणारे गावभर हिंडताहेत, त्यांचे घोटे बघ कसे ठणठणीत!"

मंडळी, भांडण खोटं नव्हतं हो. ज्याचं प्रेम असतं तोच असा भांडतो.

सहाव्या दिवशी भामाबाई विहिरीवर गेलेली. भिकाजीनं इकडं बघितलं, तिकडं बघितलं. कुबडी बाजूला ठेवली. म्हणाला, चार पावलं टाकून तर बघू! एक... दोन... अंगणात पोचला. पाचव्या पावलाला घोट्यातून अशी कळ गेली की डोळ्यांपुढं अंधार! तुळशीच्या कट्ट्याला धरून खाली बसला. भामाबाई कळशी घेऊन आली, तिनं बघितलं. आता चांगली फैलावर घेणार — नाही! कळशी खाली ठेवली, त्याच्या शेजारी मातीत बसली, आणि डोळ्यांना पदर लावला.

"भामा, ओरड की. रडतेस कशाला?"

ती म्हणाली, "अहो, एक सांगा. तुम्ही भिंत बांधता. सिमेंट ओलं असतं. त्यावर कुणी येऊन पाय दिला, तर?"

"तर? शिव्या घालीन! अगं, सिमेंटला धरू नको का द्यायला?"

"मग आत कुणीतरी बांधकाम काढलंय तुमच्या. आणि तुम्ही त्यावर पाय देताय."

भिकाजीनं आपल्या घोट्याकडे बघितलं. मग तिच्या खांद्याला धरून एका पायानं उठला आणि खाटेवर जाऊन पडला. त्या दिवसापासून — हललाच नाही.

जत्रा आली. ढोल वर वाजताहेत, हा खाली ऐकतोय. आणि बघतोय! लोक एकाहत्तर पायऱ्या चढले. पुढं माती. मग काय केलं लोकांनी? एकमेकांचे हात धरले हो! तरण्यांनी म्हाताऱ्यांना धरलं, सुनांनी सासवांना धरलं — सुनांनी, हं! कधी एरवी बघितलंय? — आणि सगळी साखळीनं वर गेली. एकसुद्धा पडलं नाही. एकोणीस पायऱ्या नव्हत्या, म्हणून देवीचं काही अडलं का? काही अडलं नाही! भिकाजीला हसू आलं, आणि त्याच वेळी डोळ्यांतून पाणीही आलं.

चार आठवडे भरले. पुन्हा तालुका, पुन्हा फोटो. डॉक्टरबाईंनी फोटो खिडकीच्या उजेडात धरला. "या, बघा."

हाडाची काळी-पांढरी सावली. आणि एका जागी, बरोबर जिथं अंगठा टेकला होता तिथं, हाडाभोवती पांढरा, मऊ ढगासारखा फुगवटा.

"हे काय, बाई?"

"नवं हाड. तडा होता, तो सांधला गेलाय."

"कुणी सांधला?"

"कुणी म्हणजे? आपोआप. तुम्ही बसला होतात ना, तेव्हा."

"अहो, पण मी तर शिव्या देत होतो!"

"तेव्हासुद्धा चालू होतं. झोपलात तेव्हासुद्धा."

मंडळी, या माणसानं चाळीस वर्षं दगडाला दगड जोडला. त्यानं डोक्यावरची टोपी काढली. फोटो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ नेला. ओळंबा नाही, थापी नाही, गवंडी दिसत नाही — आणि काम असं! हळूच विचारलं, "बाई... आणि माल कुठून आणला?"

डॉक्टरबाई हसल्या. "नाचणीच्या भाकरीतून. ताकातून. यांनी रोज ताटात वाढलं, त्यातून."

भिकाजीनं भामाबाईकडे बघितलं. ती दाराशी, हातात कुबडी धरून उभी. आणि त्याला असं वाटलं, मंडळी, की आपण डोंगर चढून देवीच्या दारात उभे आहोत.

राहिलेल्या पायऱ्या त्यानं पाऊस सरल्यावर बांधल्या. दोन दिवसांत एक. दमला की बसायचा, आणि बसल्याची लाज वाटायची नाही.

आता तुमच्याकडे वळतो. पळू नका! दुखलं तर लेप लावा, शेक घ्या, मी नाही म्हणत नाही. पण आठ दिवस झाले, पाय टेकवेना, तरी "देवाचं काम आहे" म्हणून पळत राहाल — तर ती भक्ती नव्हे हो, तो हट्ट! आपण हललो नाही तर जग थांबेल, असं वाटतं आपल्याला. आणि ज्यानं जग चालवलंय, तो तुमच्या घोट्यात बसून, तुमच्या शिव्या ऐकत, हाड सांधतो!

आपण देवापुढं हात जोडतो. आज हात खाली न्या. हो, आत्ता! वाका जरा. ते डुलणारे दादा, तुम्हीसुद्धा! आपापल्या घोट्याला हात लावा. जन्मल्यापासून तुम्हाला पेलतोय तो. कधी विचारलंत त्याला? लागलं ना हाताला, ऊन ऊन?

आत काम चालू आहे. गप्प बसा थोडा वेळ. टाळ नको. त्याला करू दे.