वायर पाइपात, पण पाइप कुठे?

...नाही, पण मला एक सांगा, माणूस पाइप कशासाठी लावतो? आतली वस्तू आत राहावी म्हणूनच ना? मग घराचं वायरिंग झालं तेव्हा उरलेलं चांगलं अर्धं बंडल माळ्यावर पडून होतं, ते मी पाइपात घालून बाहेरच्या भिंतीवरून गच्चीवर नेलं, तिथल्या लोखंडी खांबावर दिवा लावला, यात माझं काय चुकलं? तुम्हाला सांगतो, बत्तीस वर्षं बँकेत काढली, इथेच जयपूरच्या आदर्श नगरात घर बांधलं, पण माझ्या कामाला कुणी नावं ठेवली नव्हती... आणि ठेवली कुणी, तर व्याह्यांनी, तेही ऐन संक्रांतीला!

त्याचं असं झालं, आमच्या मैत्रेयीची लग्नानंतरची ही पहिली संक्रांत. काळी साडी, हलव्याचे दागिने, सगळं साग्रसंगीत करायचं, आणि व्याह्यांच्या गोपालपुऱ्यातल्या फ्लॅटला गच्ची नाही, म्हणून कार्यक्रम आमच्याकडे. संक्रांतीला जयपुरात खाली घरात बसतं कोण? पण पोरगी नटूनथटून वर येईपर्यंत दिवस मावळणार, म्हणून तो दिवा, दिवाळीतच लावून ठेवलेला. त्या खांबाला टेकून तिचा फोटो काढायचा, एवढंच माझ्या मनात होतं.

तर व्याही आले. दिनकरराव. सगळी नोकरी रेल्वेच्या इलेक्ट्रिकल खात्यात, आता रिटायर, पण ते नुसतं कागदावर. हा माणूस कुणाच्याही घरी गेला की आधी मेन स्विच बघतो, मग माणसं. मी तिळगूळ पुढे केला, तर हे भिंतीकडे बघतायत. "सदाशिवराव, यात वायर कुठली घातलीय?" म्हटलं, घरातलीच, उत्तम आहे. "घरातली बाहेर चालत नाही." म्हटलं, अहो बाहेर कुठाय, पाइपात आहे! तर चष्मा नाकावर ओढून, अगदी शांतपणे... "वायर पाइपात आहे हो, पण पाइप कुठे आहे?"

म्हटलं, हे काय कोडं? "बाहेरच्या पाइपाची आतली बाजूसुद्धा ओलीच धरायची, नियम आहे." ओली? जयपुरात? अहो, आमच्या नळाला पाणी येत नाही, ते पाइपात कुठून येणार! तेवढ्यात मैत्रेयी म्हणते, "बाबा, मतलब, तुम्ही कुठल्या बिजलीवाल्या भैयाला विचारलंच नाही?" आणि माझी बायको विभा गूळपोळीचं ताट घेऊन आली ती म्हणतच, "मी तेव्हाच म्हटलं होतं." तुम्हाला सांगतो, तिनं काहीही म्हटलं नव्हतं! मी म्हटलं, दिनकरराव, सण आहे, तिळगूळ घ्या, गोड बोला. तर म्हणतात, "गोडच बोलतोय की. वायर पाइपात आहे, पण पाइप कुठे आहे?"

आणि मेन बंद! जरीचा कुर्ता घातलेला माणूस जिना उतरतो काय, स्कूटरच्या डिकीतून स्क्रू ड्रायव्हर आणतो काय, पाइपाच्या खालच्या वळणाचं झाकण उघडतो काय... आणि पाणी. चांगलं अर्धी वाटी पाणी, माझ्या चपलेवर! नेमक्या त्याच क्षणी शेजारच्या गच्चीवरून ओरडा, "वो काटा! वो काटा!" कुणाचा तरी पतंग कटला होता हो, पण आमच्याकडचे सगळे बघतायत माझ्याकडे.

"दिवसा ऊन, रात्री गारठा, पाइपाला आतून घाम येतो. मी लावलेल्या पाइपालाही येतो, म्हणून वायर ओल्यात टिकणारी हवी," असं म्हणत त्यांनी माझी वायर ओढली. मध्ये मी दिलेला जोड. टेप सुटलेली, तांबं हिरवं पडलेलं. "हा करंट लोखंडी पाइपातून खांबात उतरला असता," म्हणाले, हळूच, मला एकट्यालाच ऐकू जाईल असं. आणि त्या खांबाला टेकून माझी पोरगी उभी राहणार होती. मग मी स्वतःच उरलेली वायर ओढून बाहेर काढायला लागलो.

दुकानं तर सगळी बंद, संक्रांतीला दुकानदारही पतंगच उडवणार. पण काळजी कसली? डिकीत बाहेरची केबल होती! रिटायर माणूस स्कूटरच्या डिकीत केबल का ठेवतो, हे विचारायचं नाही. मी खालून ढकलतोय, ते वरून ओढतायत, "सोडा", "सोडतोय", "अहो, सोडा म्हणजे पुढे सोडा"... आणि बरोबर दिवेलागणीला दिवा लागला. हलव्याचे दागिने असे चमकले म्हणता! पोरगी हसली, आणि मला वाटलं, ज्या घरी हा माणूस आहे त्या घरी आपली मुलगी आहे, आता काळजी कसली करायची? मग त्यांनी तिळगूळ घेतला. एक नाही, सात.

मी म्हटलं, दिनकरराव, माझ्या वायरीचं आता काय करू? ते काही बोलायच्या आत विभानं ती उचलली. आता गच्चीवर या खांबापासून त्या खांबापर्यंत तीच बांधलीय, आणि तिच्यावर माझे ओले सदरे वाळतात. घरातली वायर, उघड्यावर, पाइपाशिवाय, ओली गच्च! परवा व्याही आले, खालपासून वरपर्यंत तपासली, गाठ ओढून बघितली आणि म्हणाले, "हां, सदाशिवराव, हे काम नियमात बसतं."