सहाव्या रिळातली घागरवाली

—फिल्म तुटलीच होती म्हणून सांगून राहिलो ना साहेब. पहिल्या दिवशी तर खरंच तुटली. सहावं रीळ, टोळीवाल्यांचा तांडा वाळूतून विहिरीकडे निघते ना, तिथं. तुमच्या कंपनीनं भाड्यानं देल्ली ते कॉपीच घासलेली, थेटरात शिट्ट्या सुरू. मी टोकं कापली, सोल्युशन लावलं, जोडलं. अठरा वर्षं ऑपरेटर आहो मी, जोडलं का तुकडा जातेच. फेकून द्या लागते तो, मी खिशात घातला. तेवढाच माझा गुन्हा— नाही, तेवढाच नाही. बसा.

त्या तांड्यात उंटामागं एक पोरगी चालते, पाहिली का तुमी? डोक्यावर घागर. हिरोईन नाही हो, गर्दीतली. एकदा मागं वळून पाहते नं जाते. आमच्या घरची, इंदूबाई, पहिल्याच खेळाले म्हणे— अजी, आपली तारा होय. आता तारा काहून असन? आमची पोरगी वाडीच्या एका ट्रकवाल्यासंग पळून गेली, तीन वर्षं झाली. पण पिक्चर जोधपूरकडचं, अन् ते पत्रही जोधपूरचं— कोणतं पत्र? आलं होतं एक. शिक्का वाचला मी. आतलं नाही वाचलं. फाडलं तिच्या मायसमोर. राग होता तवा, मोहल्ल्यात पोरगी मेली म्हणून सांगून बसलो होतो. पत्ता आतच असन ना. मग आता मी कोणत्या तोंडानं म्हणू का हे तारा नाही?

तो तुकडा घरी नेला. तिनं बल्बासमोर धरला, म्हणे यात तोंड नाही दिसत, पुढचा आणा. आणला. मग रोज खेळ संपला का बोट-दोन बोटं कापो नं जोडो— सतरा दिवस. अख्खी पोरगी निघाली साहेब. देवाजवळ ठेवते तुकडे, हळदीचे डाग पडले, आता मशीनवर चढत नाही ते.

अन् काल इंदूबाई आली मॅटिनीले. मी वरच्या खिडकीतून पाहून राहिलो. उंट गेला, तांडा गेला, घागर आलीच नाही. ही उभीच राहिली, मागच्या बाया बस वं, बस वं करत. घरी गेल्यावर तुकडे माझ्यापुढं मांडले. म्हणे, 'अजी, इच्यात हे चालत काहून नाही?' तुकड्यात कोणीच चालत नाही. चालवाले मशीन लागते, अन् मशीनवरून तर मीच काढली तिले.

लिहा तुमी रिपोर्ट. मालक काढन मले, काढू द्या. एवढं सांगता का— ते विहीर कोणत्या गावची? कुठं घेतलं ते शूटिंग? तुमच्या हापिसात कोणाले ठाऊक असन... नाही? डब्याच्या कागदावर? नाही का. बरं.

घ्या डबे, सही केली. खाली पायरीवर बाई बसली आहे, हिरव्या लुगड्यातली. तिच्याकडे पाहू नका, साहेब. तिले वाटन तुमी पत्ता घेऊन आले. मागच्या दारानं जा.